ॲपमध्ये पिवळ्या-काळ्या पट्ट्या का येतात? लेआउटच्या एरर, सोप्या भाषेत

एखादं ॲप अपडेट झालं आणि अचानक सगळ्यात खालचं ‘पुढे जा’ बटण अर्धं कापलेलं, अर्धं त्या बॅक-होमच्या पट्टीखाली गेलेलं, असं तुमच्या फोनवर झालंय का? अँड्रॉइड 15 किंवा पुढचा फोन असेल तर झालं असण्याची बरीच शक्यता आहे. 31 ऑगस्ट 2025 पासून गूगल प्लेवर नवीन ॲप टाकायचं किंवा जुन्याचं अपडेट द्यायचं तर ते किमान अँड्रॉइड 15 ला धरून तयार केलेलं लागतं, आणि अशा ॲपला अँड्रॉइड 15 सांगतं की आता पूर्ण स्क्रीन तुझी, वरच्या घड्याळ-बॅटरीच्या पट्टीपासून खालच्या नॅव्हिगेशनच्या पट्टीपर्यंत. ज्यांनी याची तयारी केली नव्हती त्यांची बटणं गेली पट्टीखाली.

वापरणाऱ्याला वाटतं ॲप बिघडलं, बनवणाऱ्याला वाटतं अँड्रॉइडने घोळ घातला. खरं तर ही लेआउटची चूक आहे, म्हणजे स्क्रीनवर कोणती गोष्ट किती मोठी आणि कुठे बसणार या हिशोबातली चूक, आणि या चुका जगभरातले ॲप बनवणारे रोज करतात आणि रोज दुरुस्त करतात, फक्त बरेच जण का दुरुस्त झाली ते न कळता करतात. मी इथे उदाहरणं फ्लटर या ॲप बनवायच्या साधनाची घेतोय, कारण एक तर सध्या कॉलेजच्या प्रोजेक्टपासून छोट्या स्टार्टअपपर्यंत बरेच जण त्यातच काम करतायत, आणि दुसरं म्हणजे फ्लटर चूक लपवत नाही, स्क्रीनवर थेट रस्त्याच्या बॅरिकेडसारख्या पिवळ्या-काळ्या तिरक्या पट्ट्या काढून दाखवतं.

आधी स्क्रीन बनते कशी ते बघू

फ्लटर हे गूगलचं, 2018 च्या डिसेंबरमध्ये त्याची 1.0 आवृत्ती आली, आणि त्यात स्क्रीनवर दिसणारी प्रत्येक गोष्ट म्हणजे विजेट. अक्षरं हे विजेट, चित्र हे विजेट, बटण हे विजेट, आणि गंमत म्हणजे दोन गोष्टींमधली मोकळी जागा हेही विजेटच. ही विजेटं एकमेकांच्या आत बसवलेली असतात. आडव्या ओळीत मांडायचं तर रो, उभ्या ओळीत मांडायचं तर कॉलम, एकावर एक रचायचं तर स्टॅक. रोच्या आत कॉलम, कॉलमच्या आत परत रो, त्यात पॅडिंग म्हणजे कडेने सोडलेली मोकळी जागा, त्यात टेक्स्ट म्हणजे अक्षरं, असं दहा-पंधरा थर सहज होतात. बाहेरच्याला पेरेंट म्हणतात, आतल्याला चाइल्ड. या आत-बाहेर बसवण्यालाच नेस्टिंग म्हणतात, आणि निम्म्याहून जास्त एरर इथेच होतात असा माझा अंदाज आहे, आकडा विचारू नका.

वरून मर्यादा, खालून माप

लेआउट ठरवताना फ्लटर एकच नियम पाळतं आणि तो अगदी कडक पाळतं. पेरेंट चाइल्डला मर्यादा सांगतो. चाइल्ड त्या मर्यादेत बसून स्वतःचं माप ठरवतो आणि पेरेंटला कळवतो. मग त्याला कुठे ठेवायचं ते पेरेंट ठरवतो, चाइल्डला त्यात काही बोलता येत नाही.

या मर्यादेला कन्स्ट्रेंट म्हणतात, आणि त्यात फक्त चार आकडे असतात: कमीत कमी रुंदी, जास्तीत जास्त रुंदी, कमीत कमी उंची, जास्तीत जास्त उंची. बस.

लग्नाच्या केटररला ऑर्डर देतो तसंच हे आहे. तुम्ही सांगता कमीत कमी 250, जास्तीत जास्त 300 ताटं. तो हिशोब करून म्हणतो, 280 धरतो. पंगत हॉलमध्ये बसवायची का बाहेर मांडवात, ते तुम्ही ठरवता. तुम्ही जर म्हणालात बरोबर 300, एक कमी नाही एक जास्त नाही, तर त्याला स्वतःचं डोकं चालवायला जागाच नाही. म्हणूनच कंटेनरला, म्हणजे साध्या डब्यासारख्या विजेटला, रुंदी 100 दिली तरी तो कधीकधी अख्खी स्क्रीन भरून बसतो आणि नवीन शिकणारा चक्रावतो, पण वरून ‘बरोबर स्क्रीनएवढाच हो’ असा हुकूम आलेला असतो, त्यापुढे बिचाऱ्याचे 100 कोण ऐकणार. त्याला सेंटर या मधोमध बसवणाऱ्या विजेटमध्ये घातलं की सेंटर तो हुकूम सैल करतो, ‘स्क्रीनएवढा हो, किंवा लहान, तुझी मर्जी’, आणि मग 100 लागू पडतात.

आणि हा सगळा हिशोब वरून खाली एकदा, खालून वर एकदा, एवढ्यातच उरकायचा असतो, कारण स्क्रीन सेकंदाला 60 वेळा नव्याने काढायची तयारी ठेवावी लागते, तिथे पेरेंट आणि चाइल्डने घासाघीस करत बसायला वेळ नाही. त्यामुळे ज्याला जे सांगायचंय ते पहिल्याच फेरीत स्पष्ट सांगितलेलं असावं लागतं.

त्या पट्ट्या नक्की कुठून आल्या

एक खराखुरा नमुना घेऊ. किराणाच्या ॲपमधली एक ओळ: डावीकडे मसाल्याचं चित्र, मध्ये नाव, उजवीकडे किंमत. स्क्रीनची रुंदी 360 पिक्सेल, दोन्ही बाजूंना 16-16 ची पॅडिंग, म्हणजे हातात उरले 328. चित्र 72 चं, त्यानंतर 12 ची फट, किंमत 60 खाते. टेस्टिंगला नाव टाकलं होतं ‘हळद’, सगळं झकास दिसलं. मग खरा डेटा आला, ‘कोल्हापुरी कांदा लसूण मसाला, घरगुती, 500 ग्रॅम’, आणि समजा हे नाव एका ओळीत 290 घेतं. बेरीज करा, 72 अधिक 12 अधिक 290 अधिक 60, झाले 434, हातात 328, म्हणजे 106 जास्त. एरर येते ती अशी: ‘अ रेंडरफ्लेक्स ओव्हरफ्लोड बाय 106 पिक्सेल्स ऑन द राइट’. रेंडरफ्लेक्स म्हणजे पडद्यामागचं रो किंवा कॉलम, आणि बाकीचं वाक्य सरळ आहे, उजवीकडे 106 पिक्सेलनी बाहेर सांडलं.

पण नाव दुसऱ्या ओळीवर का नाही गेलं? कारण रो आपल्या साध्या चाइल्डना आडव्या दिशेने मर्यादाच सांगत नाही, ‘लागेल तेवढी घ्या’ म्हणतो, आणि सगळ्यांची मापं आल्यावर बेरीज करतो. टेक्स्टला कोणी सांगितलंच नाही की जागा कमी आहे, मग ते कशाला ओळ मोडेल? तीन टिंबं लावून नाव तोडायची सेटिंग केली तरी इथे काही होत नाही, कारण तोडायचं कुठे हेच त्याला माहीत नाही.

उपाय आहे एक्सपांडेड नावाचं विजेट. रो आधी साध्या चाइल्डची मापं घेतो, आणि जी जागा उरेल ती एक्सपांडेडवाल्यांना वाटून देतो. नावाभोवती एक्सपांडेड गुंडाळलं की चित्र, फट आणि किंमत यांचे 144 आधी वजा होतात, नावाला सांगितलं जातं तुला 184, आणि ते शहाण्यासारखं दुसऱ्या ओळीवर जातं. उरलेली जागा सगळी घ्यायचीच असं नको असेल, गरज असेल तेवढीच घ्यायची असेल, तर फ्लेक्सिबल.

एक्सपांडेड लावलं तरी एरर जात नाही, आता?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि उत्तर जवळजवळ नेहमी एकच असतं, चुकीच्या थराला लावलंय. वरचीच ओळ घ्या, पण आता नावाखाली वजन आणि ब्रँडही दाखवायचाय, म्हणून मध्ये एक कॉलम आला आणि नाव त्या कॉलमच्या आत गेलं. आता लांब नावामुळे पट्ट्या आल्या की माणूस काय करतो, लांब आहे ते टेक्स्ट, म्हणून टेक्स्टलाच एक्सपांडेड लावतो. पण टेक्स्टचा पेरेंट आता कॉलम आहे, आणि कॉलमला उरलेली उंची वाटता येते, रुंदी नाही. रुंदीचा प्रश्न जिथे होता तिथेच राहतो, वर ही ओळ लिस्टच्या आत असेल तर लिस्ट उंचीला मर्यादा देत नाही, मग कॉलम म्हणतो उरलेली उंची वाटायची पण मुळात उंची किती तेच माहीत नाही, आणि दुसरीच नवी एरर फेकतो. एकाच्या दोन झाल्या.

बरोबर जागा म्हणजे तो अख्खा कॉलम, कारण रोचा चाइल्ड तो आहे. जागा जो वाटतो त्याच्या चाइल्डला एक्सपांडेड लावायचं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

याच्याच जवळची दुसरी चूक म्हणजे रो आणि एक्सपांडेडच्या मध्ये पॅडिंग किंवा कंटेनर घालणं. एक्सपांडेडला थेट रो किंवा कॉलमच्या हाताखाली राहावं लागतं, मध्ये पॅडिंग आली की ‘इनकरेक्ट यूज ऑफ पेरेंटडेटाविजेट’ अशी एरर येते. स्टॅक आणि त्यातली जागा ठरवणारं पोझिशन्ड यांचं नातंही असंच आहे. आणि ही चूक फार डांबरट आहे, कारण डेव्हलपमेंट करताना फ्लटर कन्सोलमध्ये, म्हणजे एरर छापून येतात त्या खिडकीत, ओरडतं पण स्क्रीन बऱ्यापैकी नीट दिसते, म्हणून लोक दुर्लक्ष करतात, आणि प्ले स्टोरवर जाणाऱ्या रिलीज बिल्डमध्ये त्याच जागी राखाडी चौकोन येतो. ‘माझ्याकडे चालतंय, ग्राहकाकडे राखाडी दिसतंय’ असा फोन आला की पहिला संशय इथे घ्या. उपाय साधा आहे, पॅडिंग बाहेर होती ती आत घ्या, एक्सपांडेड बाहेर काढा.

दोघेही एकमेकांच्या तोंडाकडे बघतात तेव्हा

‘व्हर्टिकल व्ह्यूपोर्ट वॉज गिव्हन अनबाउंडेड हाइट.’ फ्लटर शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यात ही भेटतेच. कॉलममध्ये वर एक हेडिंग, खाली लिस्टव्ह्यू म्हणजे स्क्रोल होणारी यादी, इतकं निरुपद्रवी दिसणारं काम, आणि स्क्रीन कोरी.

केटररकडे परत या. यजमान म्हणतो, लागतील तेवढी ताटं करा. केटरर म्हणतो, तुम्ही सांगाल तेवढी करतो. आता आकडा कोण देणार? कॉलम चाइल्डला उंचीची मर्यादा देत नाही, आणि लिस्टव्ह्यूचा स्वभाव असा की मिळेल तेवढी सगळी उंची घ्यायची. अमर्याद उंची मिळाली तर अमर्याद घेऊ का? ते शक्य नाही, म्हणून एरर. अनबाउंडेड म्हणजे हेच, त्या चार आकड्यांमधला जास्तीत जास्तचा आकडा अनंत.

इथेही लिस्टव्ह्यूला एक्सपांडेड लावलं की कॉलम हेडिंगची उंची वजा करून उरलेली सांगतो आणि विषय संपतो. टेक्स्टफील्ड म्हणजे टाइप करायचा रकाना, तो थेट रोमध्ये टाकल्यावर येणारी एरर हीच, फक्त उंचीऐवजी रुंदीची. आणि सिंगलचाइल्डस्क्रोलव्ह्यू, म्हणजे आतलं सगळं स्क्रोल करणारं विजेट, त्याच्या आतल्या कॉलममध्ये एक्सपांडेड टाकल्यावर येणारीही हीच, कारण स्क्रोल होणारी जागा म्हणजे तळ नसलेली जागा, त्यात ‘उरलेली’ काय काढणार.

पण श्रिंकरॅप ट्रू केलं की चालतं ना?

चालतं. लिस्टव्ह्यूला श्रिंकरॅप लावलं की ती म्हणते ठीक आहे, माझ्यात जेवढ्या ओळी तेवढी माझी उंची. आठ-दहा ओळींची यादी असेल तर खुशाल लावा, मी पण लावतो. पण लिस्टव्ह्यूची खरी कमाल ही की 500 ऑर्डर असल्या तरी ती स्क्रीनवर दिसणाऱ्या आणि त्याच्या वर-खाली 250 पिक्सेलपर्यंतच्या ओळीच बनवते, बाकीच्या गरज पडेल तेव्हा. श्रिंकरॅप लावून अमर्याद उंचीत टाकली की एकूण उंची सांगण्यासाठी तिला 500 च्या 500 आधीच बनवून मोजाव्या लागतात. महागड्या फोनवर कळत नाही, आठ-नऊ हजारांच्या फोनवर ॲप उघडताना हिसका बसतो आणि रिव्ह्यूमध्ये ‘हँग होतंय’ येतं.

हेडिंग, बॅनर आणि यादी सगळं मिळून एकत्रच स्क्रोल व्हायला हवं असेल तर कस्टमस्क्रोलव्ह्यू वापरा, त्यात हेडिंग आणि यादी स्लिव्हर म्हणून टाकता येतात, स्लिव्हर म्हणजे स्क्रोलचा एक तुकडा. लिहायला थोडं किचकट, पण दोन स्क्रोल एकमेकांत कोंबण्यापेक्षा बरं.

सरळ फिक्स साइज दिली तर?

उंची 20 देऊन टाकली, पट्ट्या गेल्या, मोकळे झालो. हा उपाय इंग्रजी ॲपमध्ये बरेच दिवस खपून जातो आणि मराठी भाषा सुरू केली की उघडा पडतो. देवनागरीला अक्षराच्या वर वेलांटी आणि रफार लागतो, खाली उकार लागतो, ‘मूर्ती’ हा एकच शब्द बघा, दोन्हीकडे पसरलेला. त्याला रोमन अक्षरापेक्षा जास्त उंची लागते. 20 च्या डब्यात कोंबला की फ्लटर मर्यादेबाहेरचा भाग कापतं आणि ‘मू’ चा ऊकार गायब. रुंदीचंही तेच, ‘ओके’ जिथे बसतं तिथे ‘ठीक आहे’ बसेलच असं नाही, आणि ‘सेव्ह’च्या जागी ‘जतन करा’ आलं की बटण दुप्पट. बँकेच्या, सरकारी सेवांच्या ॲपमध्ये मराठी निवडल्यावर जी अर्धी कापलेली बटणं दिसतात त्यामागे बरेचदा अशी ठोकून दिलेली मापं असतात. चित्राला, आयकॉनला फिक्स साइज जरूर द्या. अक्षरांना देऊ नका, अगदीच हवी तर कमीत कमी उंची द्या, जास्तीची मर्यादा मोकळी सोडा.

माझ्या फोनवर तर नीट दिसतंय

तुमच्या फोनवर दिसणारच, तुम्ही त्याच फोनवर बघून बनवलंय. आईच्या फोनवर बघा. अँड्रॉइड 14 पासून अक्षरं 200 टक्क्यांपर्यंत मोठी करता येतात आणि साठीच्या पुढची माणसं ती करतात, मग तुमचा हिशोब केलेला रो फुटतो. लॉगिनच्या स्क्रीनवर कीबोर्ड उघडला की स्कॅफोल्ड, म्हणजे अख्ख्या स्क्रीनचा सांगाडा असलेलं विजेट, आतल्या भागाची उंची कमी करतं आणि खाली ‘ओव्हरफ्लोड ऑन द बॉटम’ येतं, तिथे मात्र सिंगलचाइल्डस्क्रोलव्ह्यू हाच बरोबर उपाय. आणि अँड्रॉइड 15 चं बटण पट्टीखाली जाणं हाही मर्यादेचाच बदल आहे, सगळ्यात वरच्या पेरेंटने आकडा वाढवून दिला, पण त्यातला काही भाग सिस्टीमच्या पट्टीचा आहे हे आतल्यांना कोणी सांगितलं नाही. सेफएरिया नावाचं विजेट ते सांगायचं काम करतं. पट्टीची उंची 48 असते असं ऐकून खाली 48 ची पॅडिंग ठोकू नका, जेस्चरवाल्या फोनवर ती पट्टी वेगळी असते.

पट्ट्या फक्त डेव्हलपमेंटमध्ये दिसतात, रिलीजमध्ये नाही, म्हणून ‘ग्राहकाला कुठे दिसतायत’ म्हणणारेही भेटतात. पट्ट्या दिसत नाहीत, सांडलेलं तसंच सांडलेलं असतं. वर एक खोच आहे: पेरेंटच्या मापाबाहेर गेलेल्या भागावर बोट ठेवलं तर फ्लटर तो टॅप धरत नाही. म्हणजे बटण डोळ्यांना दिसतंय, माणूस दाबतोय, आणि काही होत नाही.

लाल अक्षरांचा डोंगर वाचायचा कसा

एक चूक झाली की कन्सोलमध्ये वीस एरर येतात आणि सगळ्यात शेवटची डोळ्यांसमोर असते, ती बहुतेक वेळा ‘रेंडरबॉक्स वॉज नॉट लेड आउट’. लोक तीच शोधत बसतात. ती फक्त एवढंच सांगते की याचं माप ठरलं नाही, का ठरलं नाही ते वरच्या पहिल्या एररमध्ये असतं. म्हणून वर स्क्रोल करा, पहिली एरर धरा, तिच्यात कोणतं विजेट आणि कोणत्या फाइलची कितवी ओळ ते लिहिलेलं असतं.

मग फ्लटर इन्स्पेक्टर हे तपासणीचं साधन उघडा, विजेट निवडा, त्याला मिळालेले कन्स्ट्रेंट आणि त्याने घेतलेलं माप दोन्ही दिसतं. तिथून एकेक पेरेंट वर चढत जा. वर चढताना ज्या थराला जास्तीत जास्तच्या जागी अनंत शेवटचं दिसेल, त्याच्या लगेच वरचा मर्यादा न सांगणारा आहे. एडिटरमध्ये ते पिवळ्या बल्बचं ‘रॅप विथ’, म्हणजे विजेट दुसऱ्यात गुंडाळून देणारं, आहे ना, त्याने हे सोडून एकावर एक गुंडाळत बसायची सवय लावली आहे, एररपण जाते कधीकधी, पण सहा महिन्यांनी तो कोड उघडणाऱ्याला कोणतं गुंडाळणं कशासाठी होतं ते कळत नाही.

फ्लटर सोडून दुसरं घेतलं तर सुटका?

नाही. रिॲक्ट नेटिव्ह आणि जेटपॅक कंपोज ही ॲप बनवायची दुसरी साधनं. रिॲक्ट नेटिव्ह साध्या स्क्रोलव्ह्यूमध्ये त्याच दिशेची फ्लॅटलिस्ट, म्हणजे तिथली लिस्टव्ह्यू, टाकली की ‘व्हर्च्युअलाइज्ड लिस्ट’वाली वॉर्निंग देतं, कारण वरचंच, दिसणाऱ्या ओळीच बनवायची सोय मोडते. जेटपॅक कंपोजमध्ये स्क्रोल होणाऱ्या कॉलममध्ये लेझीकॉलम, म्हणजे तिथली तशीच यादी, टाकला तर ॲप थेट क्रॅश होतं आणि मेसेजमध्ये ‘इन्फिनिटी मॅक्सिमम हाइट’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. लांब नाव स्क्रीनबाहेर जायचा प्रकार रिॲक्ट नेटिव्हमध्येही आहे, वेबवरून आलेल्यांना तो जास्त बोचतो, कारण वेबवर फ्लेक्सश्रिंक, म्हणजे जागा कमी पडल्यावर आकसायची सेटिंग, मुळातच 1 असतो आणि इथे 0, म्हणजे सांगितल्याशिवाय कोणी आकसत नाही.

एआयला एरर पेस्ट केली की तो देतोच उत्तर

देतो, आणि नेहमीच्या पाच-सहा एररना बरोबर देतो. गडबड होते ती आपण त्याला काय दाखवतो त्यात. फक्त एरर आणि ते एक विजेट दिलं तर वर कोण आहे ते त्याला दिसत नाही, मग तो सगळ्यात सुरक्षित वाटणारं सुचवतो, श्रिंकरॅप किंवा फिक्स उंची, आणि एरर गेली म्हणून आपण पुढे जातो. त्याऐवजी पहिली एरर, ते विजेट, आणि स्कॅफोल्डपासून त्या विजेटपर्यंतचे सगळे पेरेंट ओळीने द्या, यादीत किती ओळी येऊ शकतात तेही सांगा, आणि कोणता थर मर्यादा देत नाहीये ते आधी विचारा, कोड नंतर मागा.